आजोबा घोड्यावर बसतील का?

मार्च सरत आला की जालना जिल्ह्यातील घराघरांत एकच विषय निघू लागतो. परीक्षा संपत आलेल्या असतात, पुण्या-मुंबईकडील नातवंडे येणार असतात, आणि ऊन तर आताच अंगाची लाही करू लागलेले असते. मग कोणी माथेरान सुचवतो, कोणी महाबळेश्वर-पाचगणी, तर कोणी एखादे कृषी पर्यटन केंद्र. ठिकाण ठरते, दिवस ठरतात, आणि तेवढ्यात एखादे नातवंड विचारते, "तिथे घोडे आहेत ना? आपण सगळे बसायचं हं. आजोबा, तुम्हीसुद्धा!"

घरात क्षणभर शांतता पसरते. या साध्या आग्रहाला आपल्या घरांतून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. पहिले उत्तर काळजीचे असते : "बाबांना कशाला दगदग? ते खोलीवर थांबतील, पिशव्या सांभाळतील." दुसरे उत्तर उत्साहाचे असते. चौघे मिळून आजोबांना उचलतात, घोड्यावर बसवतात, छायाचित्र काढतात आणि उतरवतात. वरवर पाहता ही उत्तरे परस्परविरुद्ध आहेत. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. ज्यांच्याविषयी निर्णय घेतला जात आहे त्यांना कोणी नीट विचारलेले नसते, आणि त्यांच्या शरीराचा कोणी नीट विचार केलेला नसतो.

सुट्टीचे ठिकाण घोड्यांचे असो वा समुद्राचे, ज्येष्ठांचा वाटा त्यात कसा असावा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला कधी ना कधी पडतो. घोड्याच्या निमित्ताने तो अधिक स्पष्ट होतो, कारण येथे आनंदही मोठा आहे आणि धोकाही खरा आहे.

पागेतली सुट्टी : जुनी कल्पना, नवे रूप

घोड्यांच्या सान्निध्यात कुटुंबाने सुट्टी घालवावी, ही कल्पना अमेरिकेच्या पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली. शहरी पाहुणे तेथील गुराढोरांच्या विस्तीर्ण कुरणांवर पैसे देऊन राहू लागले, घोड्यावर बसून रपेट करू लागले. अशा ठिकाणांना तेथे 'ड्यूड रँच' म्हणतात. 'ड्यूड' म्हणजे शहरातून आलेला, नीटनेटक्या कपड्यांतला नवखा पाहुणा. १९२६ मध्ये तेथील चालकांनी आपली संघटनाही स्थापन केली.

आपल्याकडे या कल्पनेच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे कृषी पर्यटन. शेतकऱ्याच्या शेतावर राहावे, चुलीवरचे जेवावे, गोठा पाहावा, बैलगाडीतून फिरावे आणि असल्यास घोड्यावर बसावे. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. घोड्यासाठी म्हणून जायचे, तर माथेरानसारखे ठिकाण नाही. सुमारे ८०० मीटर उंचीच्या या गिरिस्थानावर खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही. तेथून बाजारपेठ साधारण अडीच किलोमीटरवर आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे अंतर लोकांनी पायी, घोड्यावर किंवा हातरिक्षातून कापले आहे. माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा थांबवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला आणि त्याजागी ई-रिक्षांचा मार्ग सुचवला. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी ही माहिती मनात ठेवावी : माथेरानला जायचे म्हणजे घोड्यावर बसलेच पाहिजे, असे नाही. नेरळहून १९०७ पासून धावणारी छोटी रेल्वेही आहे. मात्र पावसाळ्यात नेरळ ते माथेरान ही पूर्ण सेवा बंद असते. जालन्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीने कल्याणला उतरले की लोकलने नेरळ गाठता येते.

आता ऋतूविषयी. जालन्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. या दिवसांत मराठवाड्यातीलच एखाद्या शेतावर ज्येष्ठांना घेऊन जाणे शहाणपणाचे नाही. शेताची, घोड्यांची आणि मोकळ्या हवेची सुट्टी हवी असेल, तर आपल्या भागासाठी खरा काळ दिवाळीनंतरचा. हुरड्याचे दिवस, सकाळचे कोवळे ऊन, आणि घोड्यांच्या दोन मोठ्या यात्राही याच सुमारास भरतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्ष वद्यात असते, तर नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार दत्तजयंतीच्या सुमारास भरतो. यात्रेत गर्दी आणि धूळ फार असते, म्हणून ज्येष्ठांनी सकाळी लवकर जाऊन दुपारपूर्वी परतावे. पण ज्यांनी तरुणपणी घरी घोडे पाहिले आहेत, त्यांच्यासाठी ते दोन तास वर्षभर पुरतात.

घोडा शरीराला काय देतो, काय देत नाही

घोडा संथ पावलाने चालत असताना त्याच्या पाठीची हालचाल तीन दिशांनी होते : पुढे-मागे, डावी-उजवीकडे, आणि किंचित पिळल्यासारखी. स्वाराची कंबर त्या हालचालीबरोबर हलते, आणि ही हालचाल माणसाच्या स्वतःच्या चालण्याशी बरीच मिळतीजुळती असते. तोल सावरण्यासाठी पोटाचे, पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू सतत बारीक बारीक काम करतात. म्हणूनच घोड्याच्या चालीचा उपयोग करणारी एक उपचारपद्धती अनेक देशांत वापरली जाते. दक्षिण कोरियात ज्येष्ठांवर झालेल्या काही छोट्या अभ्यासांत, प्रशिक्षित व्यक्तींच्या देखरेखीखाली काही आठवडे नियमित स्वारी केल्यावर तोल आणि चाल सुधारल्याचे आढळले.

परंतु यातील प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे : प्रशिक्षित देखरेख, काही आठवडे, नियमित. सहलीतील वीस मिनिटांच्या फेरीने तोल सुधारत नाही. तेव्हा 'आरोग्यासाठी चांगले असते' असे सांगून कोणाला घोड्यावर चढवू नये. सहलीतील घोडेस्वारीचा लाभ वेगळा आहे. तो मनाचा आहे, नातवंडांबरोबर केलेल्या एका गोष्टीचा आहे, आणि 'मला अजून जमते' या भावनेचा आहे. तो लाभ लहान नाही. पण त्याची किंमत मोडलेले हाड असू नये.

या संदर्भात डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांचे उदाहरण फार बोलके आहे. १९४४ मध्ये पोलिओमुळे त्यांच्या गुडघ्यांखालील पायांतील शक्ती कायमची गेली. तरीही त्यांनी स्वारी सोडली नाही, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी अश्वकौशल्याच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. घोड्यावर चढण्या-उतरण्यासाठी त्यांना दुसऱ्याची मदत लागत असे. आपल्या घरांतील अनेक ज्येष्ठ 'कोणाला धरून चढावे लागणार असेल तर मला नको' असे म्हणून आनंद नाकारतात. मदत घेणे म्हणजे कमीपणा नव्हे. ती वेळेवर आणि योग्य माणसाकडून घेणे ही तर चांगल्या स्वाराचीच रीत.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ वयाच्या ९४ व्या वर्षी घोड्यावर बसलेल्या जगाने पाहिल्या. पण त्यांच्यामागे लहानपणापासूनची अखंड सवय होती. पन्नास वर्षांपूर्वी घरच्या तट्टावरून आठवड्याच्या बाजाराला गेलेल्या आजोबांच्या मनाला मांड कशी ठोकायची ते आठवत असते. गुडघ्यांना मात्र ते आठवत असेलच असे नाही.

कोणी बसू नये, कोणी विचारून बसावे

लहान चणीच्या घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोकेही जमिनीपासून दोन मीटरहून अधिक उंचीवर असते. तेथून पडणे आणि घरात घसरून पडणे यांत फार फरक आहे. म्हणून पुढील बाबतींत संकोच न ठेवता 'नाही' म्हणावे :

हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे, किंवा मागे किरकोळ पडण्याने मनगट, खुबा वा मणका मोडला आहे. मणक्याच्या अशा अस्थिभंगाला घोड्याचे हादरेही पुरेसे ठरू शकतात.

रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत. अशा व्यक्तीच्या डोक्याला मार लागल्यास त्या क्षणी काही वाटले नाही, तरी कवटीच्या आत हळूहळू रक्त साचू शकते आणि त्याची लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही दिसतात.

चक्कर येण्याचा, भोवळीचा किंवा फिट येण्याचा त्रास आहे. अलीकडे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा कोणतीही मोठी शस्त्रक्रिया झाली आहे. डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन थोडेच दिवस झाले आहेत.

खुब्याचा किंवा गुडघ्याचा सांधा बदललेला असेल, तर निर्णय शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावा. घोड्यावर बसताना मांड्या रुंद फाकाव्या लागतात, आणि बदललेल्या खुब्याला ते झेपेलच असे नाही. रक्तदाबाच्या रुग्णांनी आणखी एक तपासणी करावी. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजावा, मग उभे राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल, तर उभे राहताच भोवळ येण्याची शक्यता असते. डॉक्टरांशी बोलल्यावाचून अशा व्यक्तीने स्वारीचा विचार करू नये. दमेकऱ्यांना घोड्याच्या केसांचा व कोंड्याचा आणि माथेरानसारख्या ठिकाणच्या तांबड्या धुळीचा त्रास होऊ शकतो. श्वासाचा पंप खिशात असावा, बॅगेत नव्हे.

आठ आठवड्यांची तयारी

घोडामैदान जवळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा दोन महिने आधी घरीच तयारी करावी. प्रथम स्वतःला तपासावे. भिंतीला टेकवलेल्या, हात नसलेल्या खुर्चीवर बसून, हात छातीवर घडी करून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषांना १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांना १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे मानतात. दुसरी चाचणी : एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून, एका रेषेत, १० सेकंद उभे राहता येते का ते पाहावे. चाचणी करताना शेजारी कोणीतरी उभे असावे. या चाचण्या जमिनीवरच्या तोलासाठी आहेत. त्या पार पडल्या म्हणजे घोड्याचा परवाना मिळाला, असे नव्हे. पण त्या पार पडत नसतील, तर खोगीर दूर ठेवावे हे निश्चित.

मग रोज वीस-पंचवीस मिनिटे चालणे, आणि आठवड्यातून तीन दिवस हे चार व्यायाम : खुर्चीतून उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे, ओट्याला धरून एकेक पाय बाजूला उचलणे, आणि पलंगावर पाठीवर पडून, गुडघे दुमडून, ते हलकेच बाहेरच्या बाजूला सोडणे. शेवटच्या व्यायामाने मांडीचे आतले स्नायू सैल होतात. स्वारीनंतर दुसऱ्या दिवशी हेच स्नायू सर्वाधिक दुखतात. पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायाम पाच-सहा वेळा, पुढे झेपेल तसा वाढवावा. दुखणे वाढले तर थांबावे.

या तयारीचा एक मोठा गुण असा की आजोबा शेवटी घोड्यावर बसले नाहीत, तरी ती वाया जात नाही. माथेरानच्या वाटा, शेताचे बांध, न्हाणीघराचा उंबरठा यांना हेच स्नायू उपयोगी पडतात.

प्रत्यक्ष घोड्याजवळ

घोडा निवडण्याआधी घोडेवाला निवडावा. जो घाई करतो, 'काही होत नाही' म्हणतो आणि एकटाच तीन घोडे हाकतो, त्याला नमस्कार करून पुढे जावे. ज्येष्ठाच्या घोड्याचा लगाम धरून एक माणूस सतत सोबत चालला पाहिजे, आणि घोडा केवळ पावलाने चालला पाहिजे. दुडकी चालही नको. चढाउताराची, दगडांची वा कड्याकडेची वाट टाळून सपाट रस्त्यावर दहा मिनिटांची पहिली फेरी घ्यावी. बरे वाटले तर दुसरी घेता येते.

डोक्यावर घोडेस्वारीचे हेल्मेट नसेल तर स्वारी नको, हा नियम नातवंडांनाही आणि आजोबांनाही सारखाच असावा. पायांत चप्पल नको. थोडी टाच असलेले, बंद बूट हवेत. रिकिबीत पावलाचा पुढचा भागच ठेवावा, म्हणजे प्रसंगी पाय चटकन सुटतो. पदर, ओढणी, उपरणे लोंबते ठेवू नये. तंग घट्ट आहे ना, हे घोडेवाल्याला पुन्हा पाहायला सांगावे. सैल तंगामुळे खोगीर घसरते आणि खोगिराबरोबर स्वारही.

चढणे-उतरणे हा सर्वांत जोखमीचा भाग आहे. जमिनीवरून पाय टाकून चढण्याचा हट्ट धरू नये. कमरेइतक्या उंचीचा पक्का ओटा किंवा पायऱ्या असतील तेथेच घोडा उभा करावा. एकाने घोड्याचे तोंड धरावे आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी आधार द्यावा. उतरताना उडी मारायची नाही. उतरल्यावर पाय थरथरतात, म्हणून दोन मिनिटे धरून उभे राहावे आणि मगच चालावे. मधुमेहींनी उपाशीपोटी बसू नये. साखर खिशात ठेवावी. पाणी तहान लागण्याआधी प्यावे. लघवी वाढवणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आणि पाण्याचे बंधन असणाऱ्यांनी किती प्यावे, हे निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून घ्यावे.

कोणी पडलेच, तर लगेच उचलून बसवू नये. शुद्ध, बोलणे, मान आणि हातपाय पाहावेत. मान किंवा पाठ दुखत असेल तर हलवू नये आणि १०८ वर फोन करावा. जवळचे रुग्णालय कोठे आहे, हे राहण्याच्या ठिकाणी पोहोचताच विचारून ठेवावे. घोडा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली ते कागदावर लिहून ठेवलेले असावे. ज्या घोड्याच्या नाकातून स्राव येत आहे किंवा अंगावर गाठी व व्रण आहेत, त्याच्याजवळही जाऊ नये. ग्लँडर्स नावाचा गंभीर आजार अशा जनावरापासून माणसाला होऊ शकतो.

आणि घोड्याचाही विचार करावा. खोगिरासह एकूण भार घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक नसावा, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अडीचशे-तीनशे किलोच्या तट्टाला हा भार पन्नास ते साठ किलो भरतो. तेव्हा काटकुळे आजोबा एखाद्या वेळी बसू शकतील; ऐंशी किलोच्या चिरंजिवांनी मात्र पायी चालणेच योग्य!

जे बसणार नाहीत त्यांच्यासाठी

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. घोड्यावर न बसणारा ज्येष्ठ सहलीतून वगळला गेला, असे होऊ नये. घोड्याचा सहवास म्हणजे केवळ त्याची पाठ नव्हे. खरारा करणे, तळहात सपाट ठेवून गाजराचा तुकडा भरवणे, आयाळीतून हात फिरवणे, तोबरा भरताना पाहणे, घोडेवाल्याशी चार गोष्टी बोलणे, हे सगळे खुर्चीवर बसूनही करता येते. जवळ जाताना समोरून किंवा पाठीमागून जाऊ नये, कारण घोड्याला थेट कपाळासमोरचे आणि थेट मागचे दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जावे. कान मागे चापट केलेला घोडा रागावलेला असतो. त्याला त्या दिवशी सोडून द्यावे.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तींच्या बाबतीत तर हा सहवास विशेष गुणकारी ठरू शकतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात स्मृतिभ्रंश असलेल्या १६ व्यक्ती सहभागी होत्या. त्यांना आळीपाळीने घोड्यांच्या फार्मवर नेले. तेथे त्यांनी घोड्यांना खरारा केला, अंघोळ घातली, चालवले, चारा दिला. फार्मवर गेलेल्या दिवशी त्यांच्यातील अस्वस्थता आणि चिडचिड केंद्रातच राहिलेल्यांपेक्षा कमी दिसली. सोळा व्यक्तींवरून मोठा सिद्धांत मांडता येत नाही; पण ज्या आजीला नातवाचे नाव आठवत नाही तिच्या हाताला जनावराच्या अंगावरून हात फिरवणे आठवू शकते, हे आपल्या गावांत पाहिलेल्यांना नवे नाही.

ज्यांना दूरचा प्रवासच झेपत नाही, त्यांच्यासाठी हिवाळ्यातील एक दिवस जिल्ह्यातच काढता येतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात, आपल्याच जिल्ह्यातील असई गावी, शिंदे-भोसले यांच्या सैन्याची आणि इंग्रजांची मोठी लढाई झाली. इंग्रज सेनापती वेलस्ली याच्या मांडीखालचे दोन घोडे त्या दिवशी जायबंदी झाले. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तो हाच. सकाळी असई, दुपारी एखाद्या मोसंबीच्या बागेची सावली, आणि मराठ्यांच्या घोडदळाच्या गोष्टी सांगणारे आजोबा : या सहलीत ते पिशव्या सांभाळणारे उरत नाहीत, सहलीचे मुख्य होतात.

निर्णय कोणाचा?

समजा, घनसावंगीकडील एका घरात चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा आहेत. प्रकृती ठणठणीत, रक्तदाबाची एक गोळी चालू, चाचण्या व्यवस्थित. त्यांना घोड्यावर बसायचे आहे. मुलाला भीती वाटते. अशा वेळी काय करावे?

हे बोलणे घोड्यापाशी करू नये. तेथे घोडेवाला खोळंबलेला असतो, नातवंडे टाळ्या वाजवत असतात, आणि त्या गलक्यात आजोबांना 'नको' म्हणणेही जड जाते आणि मुलाला 'हो' म्हणणेही. हे बोलणे घरी, महिनाभर आधी, निवांत बसून व्हावे. मुलाने विचारावे, "बाबा, तुम्हाला मनापासून बसायचंय, की मुलांसाठी?" डॉक्टर काय म्हणाले ते दोघांनी मिळून ऐकावे. ऐन वेळी आजोबांनी नको म्हटले, तर कोणीही आग्रह करणार नाही, हे नातवंडांनाही आधीच सांगून ठेवावे. एवढे झाल्यावर डॉक्टरांनी मना केले नसेल आणि आजोबांची इच्छा असेल, तर निर्णय आजोबांचा. भीती मुलाची असते, हे खरे. पण ती वडिलांच्या पायांत बेडी होऊ नये. वृद्धांची काळजी घेणे म्हणजे त्यांच्या वाट्याचा प्रत्येक धोका काढून टाकणे नव्हे. ज्या आयुष्यात कसलाच धोका उरत नाही, त्यात बहुधा खिडकीशेजारची एक खुर्चीच उरते.

त्याचबरोबर डॉक्टरांनी नाही म्हटले असेल, तर ज्येष्ठांनीही तो शब्द पाळावा. आपण पडलो तर केवळ आपले हाड मोडत नाही; पुढचे तीन महिने घरातील कोणाची तरी झोप मोडते. ती बहुधा सुनेची किंवा मुलीची असते.

तिच्याविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. वर्षभर गोळ्यांच्या वेळा, पथ्याचे जेवण आणि रात्रीची जाग सांभाळणारी व्यक्ती सहलीतही तेच करत राहिली, तर ती सुट्टी तिची नव्हे. निघण्यापूर्वीच वाटणी करावी. एक संपूर्ण सकाळ तिची; त्या वेळात औषधे मुलाने द्यावीत, आजीला मोठ्या नातीने सांभाळावे. तिला हवे तर तिने घोड्यावर बसावे, हवे तर झोपावे. जे ज्येष्ठ अंथरुणाला खिळलेले आहेत आणि सोबत येऊच शकत नाहीत, त्यांच्याजवळ चार दिवस एखादे जवळचे नातलग आळीपाळीने राहिले, तर काळजीवाहकाने मनात अपराधी भाव न ठेवता जावे. विसावलेले हात अधिक मायेने सेवा करतात.

घोड्यावर बसताना मागे किंवा खाली न पाहता समोर पाहावे, म्हणजे तोल राहतो, असे जाणते स्वार सांगतात. सुट्टीचे बेत आखतानाही तेवढेच करावे. आजच आजोबांना खुर्चीतून उठून दाखवायला सांगा, घड्याळ हातात घ्या, आणि मोजायला नातवंडाला बसवा. तयारीचा पहिला दिवस तेथूनच सुरू होईल.